मामांच्या कोटातला सुतार

४ जानेवारी

चि. धाकटीस, भावोजींचे आशीर्वाद आणि एक तक्रार. तक्रार शेवटी.

टक, टक... टाक.

आज सकाळी चहा गाळताना हा आवाज कानात वाजला आणि गाळणं हातातच राहिलं. शेजारी भिंतीत खिळा ठोकत होते, तो वेगळा. हा आपला जुना. दोन हलके ठोके, मग श्वासभर यती, मग एक जड. ल ल गा. शाळेत पोरांना गण शिकवताना मी बाकावर हाच ठोका वाजवून दाखवायचो, आणि संध्याकाळी विंगेत उभा राहून रिकाम्या खोक्याच्या फळीवर तोच वाजवायचो. सकाळी मास्तर, संध्याकाळी ठोकेवाला. तुझी ताई म्हणायची, "दोन्हीकडे तुम्ही आपले बाहेरचे. आत काय चाललंय ते दुसऱ्यांनी बघायचं."

आठवण उगीच आलेली नाही. आमच्या वाचनालयाच्या फिल्म मंडळाला कुठूनशी 'मामा वर आहेत'ची प्रत मिळाली आहे. नाटकाची नव्हे, आपल्या नाटकावरच्या सिनेमाची. पुढच्या महिन्यात तेरा तारखेला दुपारी दाखवणार. मंडळाचे चिटणीस माझे जुने विद्यार्थी. वर्गात झोपायचे, आता अंधारात जागे राहतात. काल घरी आले आणि म्हणाले, "सर, एक घोळ आहे. शेवटचं रीळच नाही."

म्हणजे बघ, नवरा-बायको सगळ्या पाहुण्यांसमोर कबूल करतात की वरच्या मजल्यावर आजारी मामा वगैरे कुणी नाही, आगंतुकांनी मुक्काम ठोकू नये म्हणून आम्हीच तो मामा बनवला. 'हळू बोला, मामा वर आहेत' हे इतके दिवस नुसतं नाटक होतं. पाहुणे हातातली फळं आणि औषधाच्या बाटल्या घेऊन थिजून उभे. तेवढ्यात दारावर ठोका पडतो, आणि पडदा पांढरा. पुढे काही नाही.

चिटणिसांचं म्हणणं, पुढचं तुम्ही उभं राहून सांगा. सांगेन की. नाटकात शेवटी दारातून येणारा मामा रोज वेगळा असायचा, हे आताच्या लोकांना कुठे ठाऊक आहे? कोट, माकडटोपी, मफलर तेच, आतला माणूस कोण ते फक्त मला माहीत. कधी तिकिटं फाडणारा, कधी पेटीवाला, एकदा तर खुद्द नाटककार. प्रेक्षकांकडे त्याची पाठ. मफलर सोडून तो तोंड दाखवायचा ते फक्त तुला आणि नवरोबाला. (नवऱ्याचं काम करणाऱ्या त्या गृहस्थाला आपण नवरोबाच म्हणत आलो, आता त्याचं खरं नाव आठवायला मला विचार करावा लागतो.) त्यामुळे तुम्हा दोघांच्या चेहऱ्यांचा रंग रोज नव्याने उडायचा आणि लोक त्या चेहऱ्यांना हसायचे.

सिनेमात तो मामा म्हणजे आपला सेट ठोकणारा सुतार होता, हेही सांगणार आहे. काय चालला तो. दारात थांबतो, पायपुसण्यावर सावकाश पाय पुसतो आणि मग आत येतो. जो माणूस जगातच नाही तो पाय पुसून घरात येतो. थिएटर तिथे कोसळायचं. नाटकात हे कधी नव्हतं, ही सुताराची स्वतःची अक्कल.

तू ये. सिनेतारकेला गादीची खुर्ची मिळेल. खरं कारणही लिहून टाकतो. ताई गेल्यापासून मी हा सिनेमा पाहिलेला नाही. पूर्वी तो जिथे लागेल तिथे आम्ही दोघं जायचो. आता शेजारची खुर्ची रिकामी ठेवून बघायचं धैर्य होत नाही. तिचा म्हणून घरात एकच फोटो आहे, तोही गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोग्राफरला घाबरून बसलेला. ती चालायची कशी, वळायची कशी, हे फक्त माझ्या डोक्यात उरलंय, आणि तिथलं रीळही आता झिजत चाललं आहे.

तक्रार अशी की तू दोन महिन्यांत पत्र लिहिलेलं नाहीस.

तुझे,
भावोजी

११ जानेवारी

ती. भावोजी,

साष्टांग नमस्कार. गुडघा वाकत नाही म्हणून मनातल्या मनात.

पत्र लिहिलं नाही कारण तुमच्या मागच्या पत्रात अर्ध्याहून जास्त जागा एका पावसाळी कवितेच्या चौथ्या ओळीला दिली होती. त्या ओळीला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. कविता काही माझ्या ओळखीची नव्हती.

येणं जमेल असं वाटत नाही. दिवसभराचा प्रवास, माझा गुडघा आणि आमचे जावई. जावई चांगले आहेत, पण मी कुठे निघाले की ते स्टेशनवर सोडायला येतात आणि गाडी हलेपर्यंत सूचना देतात. पाणी पीत राहा, दाराशी उभ्या राहू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका. मी म्हटलं, अहो, मी तरुणपणी रोज एका अनोळखी माणसाला कोट-टोपीत बघून किंचाळत होते, आणि लोक त्याला टाळ्या वाजवायचे.

शिवाय तुम्ही पुरुष मंडळी एक गोष्ट लक्षात घेत नाही. लोक दोन तास पडद्यावर ती कंबर बघणार, मग दिवे लावून तुम्ही मला उभं करणार. कशाला त्यांचा विरस करायचा?

तुम्ही मात्र जा. पहिल्या रांगेत बसा. रडू आलं तर चष्मा पुसा, म्हणजे लोकांना कळणार नाही. ताईच्या मागे तुम्ही पडदे ओढून, एकाच खुर्चीत बसून दिवस काढता हे मला तिकडच्या माणसांकडून कळतं. माझ्यापासून लपवायचं असेल तर आधी शेजाऱ्यांना गप्प करायला शिका.

आणि एक. ते सुताराचं तेवढं स्टेजवरून सांगू नका. हसं होईल.

कुणाचं, ते विचारू नका.

तुमची,
धाकटी

१६ जानेवारी

चि. धाकटीस,

माझं हसं होईल? त्या दाराबाहेर कोण उभं होतं? मी. कोट कुणी चढवला? मी. मफलरची गाठ कुणी मारली? मीच. तू आत होतीस. आतल्या माणसाला दाराबाहेरचं काय कळणार?

तुझं वय झालंय, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. सेटवर शेवटचा शॉट होता. मी सुताराला कोटात घातला, ठोका दिला, तो आत गेला. त्याने मफलर सोडला आणि मफलरमधून त्याची ती झुडपासारखी दाढी बाहेर पडली. तू किंचाळायच्या ऐवजी फिदीफिदी हसलीस. टेक फुकट. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारून घेतला. मला म्हणाला, "मास्तर, आता हिला कळलं सुतार येणार. हिने स्वप्नातही पाहिला नसेल असा माणूस आणा." मी रस्त्यावर गेलो. दुकानाच्या पायऱ्यांवर उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांची तोंडं पारखत होतो. शेवटी एक पोस्टमन पटवला. तो तयारच होईना, म्हणे, "माझी डाक कोण वाटणार?" त्याला घेऊन परत येतो तर दिवे विझवलेले, माणसं वायरी गुंडाळतायत. दिग्दर्शक म्हणाला, "झालं काम, मास्तर. फारच छान झालं." मी काय समजायचं ते समजलो. सुताराचाच टेक ठेवला, तुझं हसणं कात्रीने उडवलं. पोस्टमन बिचारा माझ्यावर चिडून गेला. पुढे कितीतरी दिवस आमची पत्रं उशिरा यायची.

आता पुरावा देतो. नवरोबा माझ्याशी का बोलत नाही? त्या सुताराच्या खांद्यांमुळे. शेवटच्या दृश्यात तुझा चेहरा पडदाभर दिसतो, आणि नवरोबाच्या चेहऱ्याच्या जागी फक्त कोटाचा खांदा. पहिला खेळ सुटल्यावर तो जिन्यातच माझ्यावर धावून आला. म्हणाला, "दारातून ढकलायला तुला हा रेडाच सापडला? माझं आयुष्यातलं सर्वांत उत्तम काम त्याच्या पाठीमागे गेलं." त्या दिवसापासून अबोला. ताई होती तोवर तिच्या हातचं जेवायला तरी यायचा. ताटावर बसून तिला सांगायचा, "मास्तरांना सांगा, मीठ इकडे सरकवा." ती गेल्यावर तेही बंद झालं.

सुतार नव्हता, तर मग नवरोबा इतकी वर्षं कुणाच्या खांद्यांवर रुसून बसलाय?

उत्तर दे. आणि जावयांना सांग, अनोळखी माणसांशी बोलायचं नाही, पण भावोजींकडे जायला हरकत नाही.

भावोजी

२४ जानेवारी

ती. भावोजी,

वय झालंय म्हणे. मी तुमच्यापेक्षा बरीच धाकटी आहे, आणि टोपणनावच तसं पडल्यामुळे कायमची धाकटी राहणार आहे.

कवितेत एक मात्रा कमी पडली तर तुम्हाला जेवण जात नाही. मग हे तुमच्या कानातून, डोळ्यांतून कसं सुटलं? आपला सुतार कधी पाय पुसून कुठे शिरलेला आठवतो का तुम्हाला? भुसा आणि सरस घेऊन तो धुतलेल्या फरशीवरून सरळ चालत यायचा आणि कपडेवाल्या बाईंच्या शिव्या खायचा. असा माणूस कॅमेरा समोर आल्याबरोबर एकदम पाय पुसायला लागेल? बरं, कोट बघा. सुताराला तो गुडघ्यापर्यंत यायचा, बाह्या आखूड पडायच्या. पडद्यावर मामांचा कोट जमिनीला टेकतो आणि बोटं बाहीत दडलेली. इतक्या वेळा सिनेमा पाहिलात, काय बघत होतात? माझा चेहरा? तो तर मी तुम्हाला घरी येऊन फुकट दाखवत होते.

यापुढे मी सांगू शकत नाही. मी एका माणसाला शब्द दिला आहे. मात्र तो माणूस असंही म्हणाला होता की त्यांनी आपलं आपण ओळखलं तर हरकत नाही. म्हणून एवढीच खूण देते, पाय कसे पुसले ते आठवा. कोणता आधी, कोणता मग. आठवलं की उठून आपल्या घराच्या दाराकडे बघा.

घाई नाही. तुम्हाला आधीच पुष्कळ उशीर झालाय.

धाकटी

२८ जानेवारी

धाकटे,

पत्र काल आलं. वाचून झाल्यावर मी दाराकडे बघितलं.

पायपुसणं तिथेच आहे. मधोमध विरलेलं. ते मी विरवलेलं नाही. मी पाय न पुसता आत यायचो, त्याबद्दल रोजची बोलणी ठरलेली होती.

उजवा. डावा. थोडं थांबून, पुन्हा उजवा, जोरात.

बाजारातून आली, दवाखान्यातून आली, तरी हेच. एकदा शेजारी ओरडत आले की तुमच्या स्वयंपाकघरातून धूर येतोय. ती धावत आली, दारात थांबली, उजवा, डावा, पुन्हा उजवा, आणि मग आत जाऊन जळतं फडकं विझवलं. मी यावर तिची थट्टाही करायचो. ल ल गा. पोरांना जन्मभर बाकावर जो ठोका वाजवून दाखवला तो माझ्या दारात रोज पडत होता, आणि मी आतून ओरडायचो, "दूध आणलंस का?"

थिएटरात शेवट आला की ती मला कोपर मारून विचारायची, "सुतार बरा चालतो, नाही?" मी म्हणायचो, "कमाल करतो." प्रत्येक वेळी. ती घरापर्यंत हसत यायची. मला वाटायचं, सिनेमाला हसतेय.

पण ती सेटवर येईलच कशी? तू सिनेमात जायचं ठरवलंस तेव्हा तिने तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. स्टुडिओच्या रस्त्याने जावं लागलं तरी ती पलीकडच्या बाजूने चालायची.

आता तेरा तारखेला ठोका पडेल आणि पडदा पांढरा होईल. ती दाराबाहेर उभी राहणार आणि आत येणारच नाही. बरोबर त्या जागी रीळ संपलंय.

सगळं लिही. शब्दातून तू सुटलीस.

भावोजी

४ फेब्रुवारी

ती. भावोजी,

तुमचं पत्र मी जावयांसमोर उघडलं ही चूक झाली. ते घाबरले आणि पाण्याचा तांब्याच घेऊन आले.

ओळखलंत. बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. ताई असती तर तिने तुम्हाला अजून थोडं ताणलं असतं.

त्या दिवशी तुमचा डबा घरी राहिला होता. एवढंच कारण. माझ्यासाठी ती आली नव्हती, निदान तसं तिने कधी कबूल केलं नाही. फाटकावर डबा ठेवून निघणार होती, पण फाटकावरचा माणूस जागेवर नव्हता, म्हणून आत आली आणि चुकून सेटच्या मागेच निघाली. तुम्ही तेव्हा रस्त्यावर तोंडं पारखत होतात. दिग्दर्शकाने तिला पाहिलं, कोण म्हणून विचारलं. ताई म्हणाली, "ठोकेवाल्या मास्तरांची बायको. आणि आतल्या त्या बाईची बहीण, पण आम्ही बोलत नाही."

हे ऐकून तो माणूस आनंदाने उडालाच असेल. त्याने विचारलं, "एक काम कराल का? कोट घालून दारातून आत यायचं, बाकी काही नाही." ताई म्हणाली, "दारातून आत यायला मला येतं." आणि डबा खाली कुठे ठेवणार, तिथे सगळीकडे भुसा, म्हणून डबा पोटाशी धरून तिने वरून कोट चढवला. कोटाच्या खांद्यांत तुम्हीच कोंबलेला कापूस, पोटाशी तीन पुडांचा डबा. नवरोबाचा रेडा तो हा.

मला यातलं काही माहीत नाही. मी आत उभी, पोस्टमन येणार की हवालदार येणार अशा विचारात. दार उघडलं. मामा पायपुसण्यावर पाय पुसायला लागले आणि माझी नजर त्या पायांवरच खिळली. कारण मी त्या पायपुसण्याच्या घरात वाढले आहे, भावोजी. मफलर खाली आला. ताई. भुवई चढवलेली, माझी वेणी चुकली की चढायची तशी. आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तोंड मिट. बारीक झालीस. संध्याकाळी घरी जेवायला ये."

म्हणून माझा तो चेहरा. आधी आ वासलेला, मग तोंडावर हात, मग डोळ्यांत पाणी. पेपरवाल्यांनी त्यावर किती लिहिलं. हसता हसता रडणारी नटी म्हणाले. मी काही केलंच नव्हतं. माझी बहीण माझ्याशी बोलली होती.

ठोका मात्र तुमचाच आहे. पहिल्या टेकचा आवाज त्यांनी तिथे जोडला. म्हणजे तुम्ही दार वाजवलंत आणि ताई आत आली, असंच ते कायमचं झालंय.

जाताना तिने मला बजावलं, "ह्यांना सांगू नकोस. माझी पाठ ओळखतात का बघू." मग तुम्ही सिनेमा बघून आलात की दुसऱ्या दिवशी मला तिचं कार्ड यायचं. एक ओळ. 'पाहिला. सुताराचं कौतुक केलं.' पुढच्या वेळी, 'पाहिला. आजही नाही.' शेवटच्या आजारात मी तिला म्हटलं, आता तरी सांगू का? ती म्हणाली, "नको. ओळखतील कधीतरी. कवितेतही अर्थ त्यांना मागाहूनच कळतो."

आता रिळाचं. सिनेमा कंपनी बंद पडली तेव्हा आपल्या प्रतीचं शेवटचं रीळ गोदामातून नवरोबाने उचलून नेलं. मला एका लग्नात भेटला तेव्हा मिशीवर हात फिरवत सांगत होता, "त्या खांद्याला पुन्हा कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत." जाळलं की ठेवलं ते सांगितलं नाही. मी त्याला परवाच लिहिलं आहे, तो खांदा कुणाचा होता ते. उत्तराची आशा धरू नका. तो अजून माझ्याशीही धड बोलत नाही, कारण चेहरा माझा दिसला.

मी येते. गुडघ्यासकट. तेराला सकाळी पोचेन. जावई सोडायला येणार आहेत, तेव्हा गाडी उशिरा सुटली तर सूचना संपल्या नसतील असं समजा. शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरा. ठोका पडून पडदा पांढरा झाला की दोघं मिळून डोळे मिटू आणि ताईला आत घेऊ.

तुमची,
धाकटी

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

हे पत्र टपालात टाकणार नाही. उद्या तू आलीस की हातात देईन. समोरासमोर बोलताना तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून आधी लिहून ठेवतो.

मी पडदे उघडले आहेत. पायपुसणं झटकलं, उन्हात टाकलं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. चिटणीस नवीन आणून देतो म्हणाले. त्यांना म्हटलं, परीक्षेत द्यायचात तसं न वाचता उत्तर देऊ नका.

नवरोबाला मीही लिहिलं. पहिल्यांदा चार पानं लिहिली, त्यात दोन ठिकाणी कविता आली, ती फाडली. मग एवढंच लिहिलं, 'तो खांदा माझ्या बायकोचा होता. मला तिला चालताना बघायचंय.' उत्तर आलेलं नाही. मी रोज पोस्टमनची वाट बघतो. हा पोस्टमन वेगळा आहे, पण त्याला बघितलं की मला अजून अपराधी वाटतं.

उद्याचं मी ठरवलं आहे. पडदा पांढरा झाला की उठायचं आणि सुतार, पेटीवाला, नाटककार यांतलं काही सांगायचं नाही. एकच वाक्य म्हणायचं, 'यानंतर माझी बायको आत येते.' आणि खाली बसायचं. लोकांना कळलं तर कळलं. तुला काय वाट

थांब. दार वाजलं.

पुन्हा बसलो आहे. वरचं वाक्य अर्धंच राहिलं, राहू दे.

टक, टक. यती. टाक. धाकटे, हा ठोका मी सोडून कुणी देत नसे. तो ऐकणारे मात्र दोनच होते, रोज संध्याकाळी, दाराच्या आतून. मला वाटलं तूच एक दिवस आधी आलीस. चपलाही न घालता धावलो.

दार उघडलं तर पाठ. लांब कोट, माकडटोपी, मानेभोवती मफलर. जन्मात पहिल्यांदा मी त्या दाराच्या आतल्या बाजूला होतो, आणि कोण येणार ते मला ठाऊक नव्हतं.

ती पाठ रिक्षावाल्याशी भांडत होती. भांडण संपवून वळली. काखेत पत्र्याचा गोल डबा, गंजलेला. मफलर खाली आला. आत मिशी होती, पांढरी, आणि खोकला.

नवरोबा म्हणाला, "हसू नकोस. मला खरंच सर्दी आहे. मामाचं सोंग आता मला वेगळं घ्यावं लागत नाही."

मी म्हटलं, "हसत नाहीये."

"सुतार नव्हता म्हणे."

"नव्हता."

"मग मी इतकी वर्षं भांडत कुणाशी होतो रे?" त्याने डबा माझ्या हातात दिला. जड होता. "ताईंनीच तोंड झाकलं असेल तर माझी तक्रार नाही. त्यांच्या घरचं इतकं जेवलोय, तोंड त्यांनी कधीच बंद करायला हवं होतं."

मी बाजूला झालो, म्हटलं, "आत तर ये."

"थांब, थांब," तो म्हणाला, आणि कोट सावरून खाली पायपुसण्याकडे बघू लागला. "पाय पुसू दे. ताई ओरडतील."